अर्ध्या ग्लासाचा नेम

गेल्या उन्हाळ्यात माझी आई माझ्या घरात पाणी कमी पडून आजारी पडली. घरात पाणी नव्हतं असं मुळीच नाही. गच्चीवरची टाकी भरलेली होती, मोरीबाहेरचे दोन निळे ड्रम काठोकाठ होते, स्वयंपाकघरात माठ होता आणि माठावर ओलं फडकंही होतं. तरी आई दवाखान्यात सलाइन लावून पडली, आणि ती माझ्यामुळे पडली. हे वाक्य मी मनात कितीतरी वेळा फिरवून पाहिलं. ‘माझ्यामुळे’ हा शब्द काढून ते नीट उभंच राहत नाही.

आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो हळहळतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. लग्नाच्या तारखा, पाहुण्यांचं येणं, चादरी धुणं, सगळं आम्ही पाण्याचा दिवस बघून ठरवतो. भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत पाण्याच्या दिवशी सकाळी पहिलं काम असतं ते आधीचं पाणी ओतून देण्याचं. त्याला ‘शिळं पाणी’ म्हणतात. चार दिवसांपूर्वी त्याच नळातून आलेलं, झाकून ठेवलेलं, स्वच्छ पाणी. ते ड्रम तिरके करून गटारात सोडायचं, ड्रम घासायचा आणि पुन्हा तेच पाणी ताजं म्हणून भरून घ्यायचं. पाण्यासाठी भांडणारी माणसं भांडण चालू असतानाच पाणी ओतत असतात.

माझं माहेर होटगीच्या पुढचं, कोरड्या रानातलं. मला हे बघवत नसे. त्यात माझा स्वभाव तापट. एकदा मी शेजारच्या अम्मांचा ड्रम हातानं धरून ठेवला होता. या अम्मा विणकर घरातल्या, तेलुगू बोलणाऱ्या, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या. “पाण्यात काय किडे पडले का हो?” असं मी त्यांना विचारलं. त्या बिचाऱ्या ड्रम तसाच ठेवून आत गेल्या. मला वाटलं मी जिंकले.

तिथून मला चेव चढला. आधी घरात नेम सुरू झाले. भाजी, तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना. अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी बादल्यांत साठवून संडासात. प्लास्टिकची पिशवी घरात आणायची नाही. शेंगाचटणी आणायला स्वतःचा डबा न्यायचा. नवरा एकदा भज्यांना स्टीलचा डबा घेऊन गेला तर गाडेवाल्यानं त्याला विचारलं, “घरी आजारी आहे का कोणी?” नवरा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, शांत माणूस. त्यानं सगळं ऐकलं. फक्त एकदा म्हणाला, “आपल्या घरात पाहुण्यापेक्षा कुंडीतल्या मिरचीला जास्त पाणी मिळतं.” मी त्यावर हसलेसुद्धा नाही.

मग मी गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप हातात घेतला. रोज सकाळी चहा होईपर्यंत एक चांगली सवय लिहून टाकायची. लोक हात जोडल्याचं चित्र टाकत आणि खाली ड्रम ओतत. पण हळूहळू काहींनी ऐकलं, हेही खरं. अम्मांनीच पुढे शिळं पाणी फरशी पुसायला ठेवायला सुरुवात केली. सात रस्त्याजवळच्या ऑफिसात मी काम करते, तिथंही माझ्या नावानं थट्टा होऊ लागली. कुणी नळ सोडून गेलं की म्हणत, बाई येतील हं. मला ती थट्टा आवडायची.

आणि या सगळ्यांत माझा सगळ्यात लाडका नेम म्हणजे अर्धा ग्लास. कुणीही आलं तरी पाणी अर्धा ग्लास द्यायचं. लोक दोन घोट घेतात आणि उरलेलं मोरीत जातं, ते मला सलत होतं. अर्धा द्या, लागलं तर माणूस मागेल. साधा हिशेब होता. मागणं सगळ्यांनाच जमतं असं मी गृहीत धरलं होतं.

माझ्या आईला मागणं जमत नाही.

आमच्या गावातलं घर मेंढरांच्या वाटेवर आहे. उन्हाळ्यात दुसऱ्या गावांचे मेंढके कळप घेऊन तिथून जातात, उन्हं चढली की आमच्या दारातल्या लिंबाखाली टेकतात. माझ्या लहानपणी पाणी लांबच्या विहिरीवरून यायचं, आता टँकर येतो. आई स्वतःसाठी पाणी फार जपून वापरायची. दगडावर बसून अंघोळ करायची आणि ते पाणी शेवग्याला जायचं. पण दारात माणूस आला की तांब्या काठोकाठ भरून जायचा, इतका की नेताना तिच्या पायावर सांडायचा. माणूस पिऊन संपवेपर्यंत ती समोर उभी राहायची. मी एकदा अर्धा तांब्या भरून नेला होता, लहान होते, जड होत होता. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, “अर्धा तांब्या देनं म्हंजे अर्धं दार उगडल्यागत. मानूस आत यील का भायेर हुबा ऱ्हाईल?”

हे सगळं मला माहीत होतं. माझ्याच डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

तिच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशन सोलापुरात करायचं आणि महिनाभर माझ्याकडे राहायचं असं ठरलं. यायला ती तयार नव्हती. लेकीच्या घरी जाऊन राहणं आमच्याकडे अजून अवघडच वाटतं लोकांना. मला मूल होईपर्यंत तिनं माझ्या घरात पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, ही जुनी रीत. मुलगा झाला, आता तो शिकायला पुण्यात आहे, तरी तिचं अवघडलेपण गेलेलं नाही. जावई घरात असला की ती भिंतीला टेकून बसत नाही.

ती एसटीतून उतरून घरी आली ती चैत्रातल्या दुपारी. पदर घामानं भिजलेला. मी तिला अर्धा ग्लास पाणी दिलं. तिनं ते एका दमात प्यायलं, ग्लास खाली ठेवला आणि माझ्या हाताकडं बघितलं. दुसऱ्या हातात तांब्या असेल असं तिला वाटलं असावं.

“आमच्याकडं अर्धाच देतो आई, वाया जातं म्हणून,” मी म्हटलं. “अजून लागलं तर माग हं.”

“न्हाय, बास की,” ती म्हणाली. “लई झालं.”

मी ग्लास उचलून आत गेले. मला तिचं कौतुकच वाटलं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. काळा चष्मा लावून आई हॉलमधल्या दिवाणावर बसू लागली. सकाळी नवरा कारखान्यात, मी ऑफिसात. जाताना मी तिच्या उशाशी एक ग्लास झाकून ठेवायची. तोही अर्धाच, हात लागून सांडू नये म्हणून. माठ आत होता, खालच्या कट्ट्यावर. त्यातून पाणी घ्यायचं तर वाकावं लागतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसरीही एक गोष्ट आली नाही, आणि ती मला जास्त छळते. आमच्या संडासात लहान कामासाठी फ्लश ओढायचा नाही असा नेम होता, साठवलेल्या बादलीतलं पाणी ओतायचं. आई आली त्या दिवशीच मी तिला हे समजावून सांगितलं होतं, अगदी शाळेतल्या बाईसारखं, फ्लशचं बटण दाखवून. बादली उचलायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि बटण दाबायचं नाही असं मी. मधल्या मधे आईनं काय करायचं होतं? संध्याकाळी घरात माणसं असत, पण जावयाच्या देखत पाणी ओतायला मला हाक मारण्यापेक्षा ती मेली असती. तिनं आपला मार्ग काढला. जायलाच लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायची.

हे मला तेव्हा कळलं नाही. मला दिसत होतं ते एवढंच की आई आली तरी बादल्या तेवढ्याच लागतात, माठ तसाच भरलेला राहतो. मी नवऱ्याला अभिमानानं सांगितलं, “बघा, याला म्हणतात सवय.” तो म्हणाला, “अगं, पण त्या पितात ना नीट?” मी म्हटलं, “तहान लागल्यावर माणूस पितंच की.”

आणि मग मी फोटो काढला. रविवारची सकाळ होती. आई दिवाणावर बसलेली, काळा चष्मा, हातात अर्धा ग्लास. मला ते फार सुंदर वाटलं. फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: “ही माझी आई. हिला पाणी वाचवायला कुणी शिकवलं नाही. आपण हिच्याकडून शिकू या.” धडाधड अंगठे आले, हात जोडले गेले, एकानं तर ‘माउली’ लिहिलं. मी मोबाइल आईच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला.

“ही मी हाय व्हय?” ती म्हणाली. “बरी दिसतीया की. आन समद्यांनी बघितलं?”

“सगळ्या गल्लीनं बघितलं.”

ती लाजली. तिचा फोटो असा कुणी काढून कौतुक केलेलं तिला आठवत नव्हतं. त्या दिवसापासून तिनं तो अर्धा ग्लासही पुरवून पुरवून प्यायला सुरुवात केली. संध्याकाळी मी आले की ती ग्लास दाखवायची, तळाशी थोडं पाणी उरलेलं असायचं. “बग, उरलं की,” म्हणायची, आणि मी शाबासकी दिल्यासारखी मान हलवायची. मुलीला खूष करायचं म्हणून म्हातारी बाई तहान मारत होती, आणि मुलगी खूष होत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आपण सहज म्हणून जातो. मी तर आईलाच कोरडं ठेवलं.

वैशाख लागला. ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. आईचे ओठ फुटले. मी त्यावर साय लावली. ती दिवसभर झोपू लागली, मी म्हटलं ऑपरेशनचा थकवा असेल. एकदा बोलता बोलता माझ्या मुलाच्या नावानं ती मलाच हाक मारत राहिली. मी ते फोनवर मुलाला हसून सांगितलं.

ती पडली ती पाण्याच्या दिवशी. सकाळीच पाणी आलं होतं. गल्लीत मोटारींचा घुरघुराट, पाइप, बायकांची ओरडाओरड. आई दारातल्या पायरीवर बसून बघत होती. समोरच्या घरातली सून ड्रम तिरका करून शिळं पाणी ओतत होती. ते पाणी वाहत आमच्या पायरीपाशी आलं. आई उठली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, हात पुढं केला होता तिनं. मी आतून पाइप ओढत येत होते. मला दिसलं ते इतकंच की ती भिंत धरायला गेली आणि भिंतीवरून हात घसरत खाली आली. अम्मांनी धावत येऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं नसतं तर ऑपरेशनचा डोळा दगडावर आपटला असता. ज्या बाईला मी पाण्यावरून नको ते बोलले होते, तिच्याच मांडीवर माझी आई भर पाण्यात पडली होती.

अम्मा तिच्या गालाला हात लावून म्हणाल्या, “अय्यो, अंग किती कोरडं आहे गं हिचं. पाणी पीत नाही का ही?”

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच वर उभी राहिली, आपल्या जागी गेली नाही. त्यांनी विचारलं, “आजी, दिवसभरात पाणी किती पिता?”

आईनं आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, “पिते की. लागंल तेवडं देत्यात मला. काय कमी न्हाय.”

तिनं मला वाचवलं. त्या अवस्थेतही तिला कळत होतं की उत्तर चुकलं तर लेकीची मान खाली जाईल. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून म्हटलं, शरीरात पाणीच नाही, या वयात किडनीवर यायला वेळ लागत नाही, आणखी एक-दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. मी मान हलवत राहिले. घरी पाणी किती प्यायल्या, हे मला विचारू नये, एवढीच माझी त्या वेळी प्रार्थना होती. आईच्या जिवासाठी प्रार्थना करायची सोडून मी हे मागत होते.

सलाइन लावलं. थोड्या वेळानं आईला तरतरी आली. ती वर टांगलेल्या बाटलीकडं एका डोळ्यानं बघत राहिली. नर्स दुसऱ्या पेशंटकडून येत होती, तिला आईनं हाक मारली.

“बाई, ही समदी बाटली माजीच हाय का?”

“हो आजी, तुमचीच. आणि अजून एक आहे.”

“मग अर्ध्यावर बंद करा की. मला अर्धी बास हाय. उरल्याली त्या पल्याडच्या पोराला लावा. वाया कशाला घालवायची?” आणि माझ्याकडं मान वळवून, मोठ्या कौतुकानं नर्सला म्हणाली, “आमच्या लेकीच्या घरात समदे अर्धंच घेत्यात. लई चांगली रीत हाय तिची.”

नर्स हसली. मी बाहेर गेले आणि व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. मला रडू येत होतं त्यापेक्षा जास्त लाज वाटत होती.

घरी येऊन मी पहिली गोष्ट बघितली ती आमच्या खोलीतला कूलर. त्यात रोज संध्याकाळी मी पाणी भरते. अर्धा भरून चालत नाही, नाहीतर गार हवा येत नाही, मोटार आवाज करते. म्हणून काठोकाठ. आई हॉलमध्ये पंख्याखाली झोपायची. ग्रुपवर मी पाण्याचे इतके नेम लिहिले, कूलरचा एकही लिहिला नाही. कूलर कधी माझ्या हिशेबात आलाच नाही, कारण त्याचा गारवा मला लागत होता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाला मी कायम हसत आले आहे.

कूलर हॉलमध्ये नेला. आई घरी आल्यावर तिच्या उशाशी पितळी तांब्या ठेवला, भरून. संडासातल्या बटणावर तिचा हात धरून सांगितलं, दाबायचं, खुशाल दाबायचं. ती ‘व्हय’ म्हणाली. पण ती अर्धाच तांब्या प्यायची, आणि उरलेलं पाणी दुपारी मिरचीच्या कुंडीत गेलेलं दिसायचं. मी समोर उभी राहून पाजायला लागले तर म्हणाली, “माज्यापायी तुजा नेम मोडू नगंस गं. लोक काय म्हंतील? फोटू बघितलाय त्येंनी.” ऑफिसातून रजा काढून मी तासातासाला पाणी, ताक, पेज देत राहिले. ती पीत राहिली, आज्ञाधारक मुलीसारखी. तहान लागली असं एकदाही म्हणाली नाही. डोळा दाखवून झाल्यावर ती गावाला निघाली. महिना भरायचा होता, पण मी थांब म्हणू शकले नाही.

फोटो मी ग्रुपवरून काढला नाही. काढला असता तर का काढला ते सांगावं लागलं असतं. अजूनही कुणी कुणी भेटलं की विचारतं, आई कशा आहेत, काय बाई आहेत हो, अर्ध्या ग्लासात भागवतात. मी ‘बऱ्या आहेत’ म्हणते. गल्लीत शिळं पाणी ओतणं बरंच कमी झालंय. ते चांगलं झालं, आणि मी तांदळाचं पाणी आजही कुंडीलाच घालते. पाणी वाचवण्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. मी ते कुणाच्या घशातून वाचवलं, तिथं चुकलं. नवरा म्हणतो, झालं गेलं, आता किती दिवस मनाला लावून घेणार. त्याला काय सांगणार?

यंदा फाल्गुनात गावाला गेले. एसटीतून उतरून घरापर्यंत चालत गेले, उन्हानं तोंड लाल झालेलं. लिंबाखाली दोन मेंढके बसले होते, त्यांचे तांब्ये रिकामे होऊन उपडे पडले होते. आई दोन्ही डोळ्यांनी बघत आली. आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली, काठोकाठ. तिच्या पायावर सांडत होता.

मी अर्धा प्यायले आणि सवयीनं खाली ठेवला. ती समोर उभीच होती.

“पी की समदं,” ती म्हणाली. “हितं कोन मोजत न्हाय.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी तांब्या पुन्हा उचलला आणि तळ दिसेपर्यंत प्यायले. मग म्हटलं, “तू पण घे की आई, केव्हाची उन्हात आहेस.”

ती रांजणापाशी गेली. स्वतःसाठी पेला घेतला, त्यात पाणी घातलं आणि अर्ध्यावर हात थांबवला.

“मला आता येवडंच जातंय,” ती म्हणाली.